वाचनालयाच्या भिंतीवरचा बाण

परवा जुन्या वाचनालयाची भिंत पाडली. मी मुद्दाम बघायला गेलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पुस्तकांचा पुळका आला. पुस्तकांचं मला काय! त्या भिंतीवर आमच्या थोरल्या भावाने रंगवलेला एक बाण होता. पन्नासेक वर्षं उन्हापावसात राहिलेला, पाच वेळा नव्याने रंग चढवलेला, आणि पहिल्या दिवसापासून चुकीच्या दिशेला गेलेला.

आमच्या थोरल्याला सगळं गाव ‘ब्रश’ म्हणायचं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर काय राहिलं असेल तेवढंच. बोर्ड रंगवणं हा त्याचा धंदा. न्हाव्याच्या काचेवरची कात्री, दातांच्या डॉक्टरच्या दारावरची बत्तीशी, शाळेच्या कुंपणावरचं ‘येथे सायकली लावू नयेत’, सगळं त्याच्या हातचं. आणि बाण तर किती! पोस्टाकडे बाण, दवाखान्याकडे बाण, स्मशानाकडेही बाण. कोपऱ्यात बोटभर उंचीचा एक ब्रश काढायचा, ती त्याची सही. म्हणायचा, “माझे बोर्ड आहेत तोवर या गावात परक्या माणसाला तोंड उघडायची गरज नाही. कुणाला विचारायचं नाही, पुसायचं नाही. दवाखान्यापासून स्मशानापर्यंत मी नेऊन सोडतो.”

स्वतःही कधी कुणाला काही विचारायचा नाही. परगावी गेला तर तासभर भटकेल, चपला झिजवेल, पण ‘अमुक गल्ली कुठं’ हे त्याच्या तोंडून निघायचं नाही. विचारणं म्हणजे त्याला नाक कापून दिल्यासारखं वाटायचं.

आणि तो प्यायचा. त्याचं म्हणणं असं, की दोन घोट पोटात गेल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही आणि रेघ सरळ येत नाही. मग आलेली रेघ सरळ राहावी म्हणून आणखी दोन. संध्याकाळपर्यंत सगळ्या रेघा सरळ असायच्या, हाच तेवढा वाकडा. अंगाला टर्पेंटाइनचा वास आणि तोंडाला दारूचा. आमची वहिनी म्हणायची, “काडी ओढायची भीती वाटते मला या माणसाजवळ.”

वहिनी शाळेत घंटा द्यायची. तिचं सगळं आयुष्य घड्याळावर. मुलं तिला तोफ म्हणायची, पण तोंडावर म्हणायची टाप नव्हती कुणाची. पंचवीस वर्षं तिने नवऱ्याला ओढत घरी आणलं, अंगावर पाणी ओतलं, सकाळी पुन्हा शिडी खांद्यावर देऊन पाठवलं. मग एक दिवस तो न्हाव्याच्या दुकानासमोर शिडीवरून पडला. लागलं नाही फार. पण वर कात्रीचं एक पातं अर्धवट राहिलं आणि खाली हा पसरला, आणि ते सगळं शाळेच्या मुलांनी सुटीत बघितलं. वहिनीने त्या दिवशी घंटा दोन मिनिटं उशिरा दिली. तिच्या उभ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने तिला एक चिठ्ठी लिहून दिली. दारू सोडणाऱ्यांची सभा, दर गुरुवारी साडेपाच, वाचनालयाच्या मागची खोली. फुकट. कुणी नाव विचारत नाही.

थोरला हसला. “मला चिठ्ठी दाखवतेस? अगं, तो बोर्ड मीच रंगवलाय. नऊ वर्षं झाली.”

“मग वाट तरी नको शोधायला. जा.”

गेला. आणि पाऊण तासात परत आला, कोरडा ठणठणीत.

“तिथं सभाबिभा काही नाही. इस्त्रीचं दुकान आहे.”

“अहो, थोडी तरी लाज!”

“शप्पथ सांगतो, इस्त्रीचं दुकान आहे!”

“दारूची दुकानं पाठ आहेत ना, म्हणून आता इस्त्रीचं काढलं. निदान खोटं बोलायचं तर शेजारणीला पटेल असं बोला.”

पंचवीस वर्षांत बाईला तो पहिल्यांदा धडधडीत खरं बोलत होता, आणि नेमकं तेच तिला धडधडीत खोटं वाटलं. थोरल्याच्या मनाला ते असं लागलं, की तो सरळ उठला आणि पिऊन आला.

पुढच्या गुरुवारी मी पोस्टातून सुटून त्यांच्या घरी गेलो, तर मधल्या खोलीत वहिनीची ट्रंक. हिरवी, पत्र्याची, कडीला कुलूप. कपाट उघडं आणि तिच्या बाजूचे कप्पे रिकामे. थोरला भिंतीला टेकून त्या रिकाम्या कप्प्यांकडे बघत होता.

वहिनी आवाज न चढवता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की माणसाने घाबरावं. “आज सभेला जाऊन आलात तर ही ट्रंक इथं राहील. नाही गेलात तर सकाळच्या गाडीने मी आणि ट्रंक माझ्या भावाकडं. मी परत येणार नाही. हे मी रागाने बोलत नाही. बदलीचा अर्जही लिहून ठेवलाय.”

थोरल्याने शर्ट चढवला. चुरगळलेला, खांद्यावर निळ्या रंगाचा ठिपका. तसाच निघाला. वहिनीने मला दाराआड ओढलं.

“भाऊजी, मागनं जा. पण त्यांना कळता कामा नये. वाट दाखवायची नाही, धरून न्यायचं नाही. नुसतं बघून या, आणि येऊन मला खरं सांगा. तुम्ही दोघं भाऊ एका माळेचे मणी आहात हे मला माहीत आहे, म्हणून शप्पथ घालून सांगते.”

मी वीस पावलं मागं राहून निघालो. वाटेत गुत्ता लागतो. थोरला गुत्त्यापाशी हळू झाला. मीही थांबलो. त्याने खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि पुढं गेला.

वाचनालयासमोर उभा राहून त्याने वर बघितलं. ‘दारू सोडायची आहे? सभा दर गुरुवारी साडेपाच. मागची खोली.’ खाली लाल बाण, डावीकडे. आपल्याच अक्षराकडे माणूस जसा बघतो तसा तो बघत राहिला. आपला बाण चुकेल हे त्याला पटणार थोडंच! पुन्हा डाव्याच बोळात शिरला.

बोळात एका बाजूला कोळशाच्या राखेचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला तारांवर दवाखान्याच्या ओल्या चादरी. मी एका चादरीमागं थांबलो. समोर दुकान, दार सताड उघडं. आत लांबलचक टेबल, कोळशाच्या तीन इस्त्र्या, आणि टेबलामागं एक बाई. दंड असे, की इस्त्री तिच्या हातात काडेपेटीसारखी दिसायची. तोंडात पाणी घ्यायची, कपड्यावर फुर्रकन फवारा उडवायची आणि इस्त्री फिरवायची.

थोरला उंबऱ्यात उभा राहिला.

“कपडे कुठायत?” बाईने मान वर न करता विचारलं.

थोरल्याने आपले दोन्ही हात बघितले. हात रिकामे. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, मी वाट चुकलो. पण हा आमचा ब्रश! त्याने पटापट बटणं काढली, अंगातला शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

“हा घ्या. एवढा एक.”

बाईने आता वर बघितलं. समोर भोकाभोकांच्या बनियनमध्ये पन्नाशीचा बाप्या.

“अंगातला काढून देतोस? घरी एखादा धुतलेला नाही काय?”

“घाई आहे.”

“मग बनियनपण दे. तीही करते कडक.”

बाईने शर्ट पसरला, फवारा मारला. फळीवरच्या घड्याळात साडेपाचला चार मिनिटं होती. थोरला कधी घड्याळाकडं बघायचा, कधी छताकडं.

“बाबा,” बाई कॉलर दाबता दाबता म्हणाली, “माझ्याकडं कपडे टाकणारी माणसं येतात आणि कपडे नेणारी येतात. आणि गुरुवारी काहीजण हात हलवत येतात आणि छताकडं बघतात. माझ्या छताला काय सोनं लागलंय? तुझ्यासारखा शर्ट काढून देणारा मात्र पहिलाच. काय शोधतोयस?”

“काही नाही.”

“बरं. काही नाही तर काही नाही.” तिने बाही उलटी केली. “मला ठाऊक आहे तू काय शोधतोयस. पण मी सांगणार नाही. तोंडाने विचारल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही. माझा नेम आहे तसा.”

मी चादरीच्या कडेने बघत होतो. थोरल्याच्या पाठीवर घामाचा एक ओघळ बनियनमध्ये उतरताना मला दिसत होता. घड्याळाचा काटा सरकला. वाटलं, आता हा बनियनवरच चालू लागतो आणि तडक गुत्ता गाठतो. तसा त्याने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलाही होता. मग तो पाय त्याने परत आत घेतला.

“सभा कुठं आहे?” थोरला म्हणाला.

“कसली सभा? गावात सतराशे साठ सभा असतात.”

“दारू...” तो अडखळला. “मला दारू सोडायची आहे. सुटत नाही. ती सभा कुठं भरते?”

बाईने इस्त्री उभी केली आणि शर्ट त्याच्या हातात दिला. “घाल. गरम आहे, पाठीला बरं वाटेल. मागं फिर, वाचनालयाला वळसा घाल आणि उजव्या बोळात शीर. दुसरं दार. आणि त्या भिंतीवरच्या बाणाच्या नादाला लागू नकोस. उलटा आहे मेला. नऊ वर्षं मी लोकांना परत पाठवतेय. ज्याने कुणी काढला त्याला डावं-उजवं कळत नव्हतं.”

“कोणी काढला?”

“मला काय ठाऊक. असेल कुणी बेवडाच.”

थोरल्याचा चेहरा मला दिसला नाही. कान तेवढे दिसले, कात्रीच्या बोर्डाला लावायचा तसल्या लाल रंगाचे. तो माझ्या चादरीला घासून गेला आणि धावला. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीत, साडेपाचला एक मिनिट असताना धावला.

“आणि ते चादरीखालचे पाय कुणाचे?” बाईने आतून विचारलं. “त्यांनाही शर्ट काढायचाय काय?”

मी मुकाट्याने बाहेर आलो. “मी त्याचा भाऊ. मी पीत नाही.”

“मग बस तिथं. निखाऱ्याला वारा घाल.”

मी पुठ्ठा घेऊन निखाऱ्याला वारा घालत बसलो, आणि हळूहळू मला तो दिवस आठवला. नऊ वर्षांपूर्वी शिडी मीच धरली होती. बाण काढायला थोरल्याकडे एकच खाका होता. खाका म्हणजे जाड कागद, त्यावर चित्राच्या रेघेवरून टाचणीने भोकं पाडलेली. कागद भिंतीला लावायचा, खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची, की भिंतीवर ठिपके उमटतात. मग ब्रशने ठिपके जोडायचे. बाणाचा खाका एका बाजूने लावला तर उजवीकडे जातो, उलटा लावला तर डावीकडे. म्हणून कागदाच्या एका अंगाला लाल पेन्सिलीची फुली होती. फुली समोर दिसली पाहिजे, मग बाण उजवा. त्या सकाळी थोरल्याने अकरालाच चार घोट मारले होते आणि फुली भिंतीकडे करून कागद चिकटवला. अक्षरं असती तर शेंबड्या पोरालाही उलटं झालेलं कळलं असतं. बाण बिचारा कुठल्याही बाजूने बाणच दिसतो. दोघांनी लांब उभं राहून बघितलं आणि म्हटलं, झकास.

एवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून मोठा हशा ऐकू आला. दहाबारा माणसं एकदम हसली, आणि मग टेबलं बडवली.

“हसले,” बाई म्हणाली. “म्हणजे बोलला तुझा भाऊ. दुसऱ्या गावच्या सभांत नवा माणूस महिनाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो म्हणतात.”

काय बोलला ते त्याने घरी जाताना सांगितलं. सभा चालवणारा माणूस गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा. त्याला सगळे ब्रेकमिस्त्री म्हणत. त्याने विचारलं, काही सांगायचंय का? हा उभा राहिला आणि म्हणाला, “बाहेरचा बाण मी काढलाय. पिऊन काढलाय.” झालं. त्या खोलीतला एकूण एक जण पहिल्या दिवशी इस्त्रीवालीकडे जाऊन उभा राहिलेला. हसून हसून एका प्लंबरला म्हणे उचकी लागली.

घराच्या दारात वहिनी उभी. तिने आधी नवऱ्याचा शर्ट बघितला. गेला तेव्हा चुरगळलेला, आला तो धारदार इस्त्रीचा.

“सभेला गेला होतात की नवरदेव म्हणून बोहल्यावर उभे राहायला?” ती जवळ आली, वास घेतला. कोळशाचा वास. “भाऊजी, बोला.”

“गेला, वहिनी. मी चादरीआड होतो.”

“कसली चादर?”

मग सगळंच सांगावं लागलं. वहिनी ट्रंकेवर बसून ऐकत होती. बनियनपाशी आलो तेव्हा तिने ओठ दाताखाली धरला. सांगून संपलं तेव्हा ती थोरल्याकडे वळली.

“म्हणजे मागच्या गुरुवारी म्हणालात ते खरं होतं. इस्त्रीचं दुकान.”

“होतं.”

“बरं,” वहिनी म्हणाली. एवढंच. माफीबिफी मागायची सवय त्या घरात दोघांनाही नव्हती. तिने कुलूप काढलं, वरचा एक कपडा घेतला, कपाटाच्या रिकाम्या कप्प्यात ठेवला आणि पुन्हा कुलूप घातलं.

“हे काय?” थोरला म्हणाला.

“एका गुरुवारचा एक कपडा. जसे जाल तसे निघतील.”

आणि बाईने ते पाळलं! दोन महिने ती निघतील तेवढ्याच कपड्यांवर शाळेत गेली, पण वेळेआधी कुलपाला हात लावला नाही. मधे एकदा तो सभा चुकवून गुत्त्यात गेला, तेव्हा आधीचे चार कपडे तिने परत ट्रंकेत घातले. शेजारणी विचारायच्या, अहो, रोज तेच ते कसं? ती म्हणायची, माझे कपडे इस्त्रीला गेलेत.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी थोरला लाल रंगाचा डबा घेऊन बाण सरळ करायला निघाला. मी शिडी धरली. तो वर चढतोय तोवर डाव्या बोळातून इस्त्रीवाली बाहेर आली. बाण कुणाचा ते तिला आता ठाऊक झालं होतं.

“बाणाला हात लावशील तर इस्त्रीच ठेवीन पाठीवर!”

“अहो मावशी, चुकलाय तो! तुम्हीच शिव्या घालत होता!”

“शिव्या घालायचा हक्क माझा आहे. पण हा सरळ केलास तर माणसं परस्पर तिकडं जातील. माझ्याशी दोन शब्द कोण बोलणार?”

तेवढ्यात ब्रेकमिस्त्रीही आला. हात पुसत म्हणाला, “राहू दे ब्रश. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तुझ्याकडं दोनदा येऊनही गेलो, दुरुस्त कर म्हणून सांगायला. तू दोन्ही वेळा आडवा होतास. मग बघितलं, की तिकडून फिरून येणारा माणूस येतानाच तोंड उघडून येतोय. आमचं निम्मं काम बाई उभ्या उभ्या करते. म्हटलं, असू दे.”

थोरला शिडीवर तसाच उभा. आयुष्यभर त्याने लोकांना विचारायला लागू नये म्हणून बोर्ड रंगवले होते. थोडा वेळ त्याने ब्रश डब्यात नुसताच ढवळला. मग हात टेकवायची काठी भिंतीला लावली आणि बाणाच्या खाली लिहायला लागला. कोरड्या पोटाने लिहिलेलं त्याचं ते पहिलं अक्षर. काठीवर टेकूनही हात असा थरथरत होता, की शिडी धरलेल्या माझ्या हातांनाही ते जाणवत होतं. अर्ध्या तासात एक ओळ झाली, आणि वेलांट्या वाऱ्यात सापडल्यासारख्या.

‘न सापडल्यास इस्त्रीवालीला विचारा.’

कोपऱ्यात बोटभर ब्रश काढायचा तो विसरला नाही.

पुढं हात स्थिरावला. दोनचार महिन्यांनी रेघ पूर्वीपेक्षा सरळ यायला लागली, एक थेंब पोटात नसताना. दर काही वर्षांनी तो त्या भिंतीवर नवा रंग चढवायचा, पण ती ओळ तशीच वाकडी गिरवायचा. मी म्हणायचो, दादा, आता सरळ कर की. तर म्हणायचा, “सरळ काय कुणीही काढेल. हे असं वाकडं पुन्हा जमवून दाखव.”

परवा मजुराने घाव घातला तेव्हा बाण आधी गेला. ओळीतलं ‘विचारा’ तेवढं थोडा वेळ राहिलं होतं. आता गावातले बोर्ड यंत्रावर छापून येतात, चकचकीत, आणि मी अजून सवयीने त्यांचे कोपरे बघतो. कुठल्याच बोर्डाला सही नसते. रंगाच्या दुकानावरून गेलो, टर्पेंटाइनचा वास आला, की पाय आपोआप थांबतात. थोरला नाही, वहिनी नाही. इस्त्रीवाली तर त्यांच्याही आधी गेली. ती गेली त्या गुरुवारी सभा तिच्या दुकानात भरली होती, टेबलाभोवती उभ्याने.

ट्रंक मात्र माझ्याकडे आहे. आत खाके आहेत, कात्रीचा, बत्तीशीचा, आणि लाल फुलीचा तो बाण. ट्रंक पुरती रिकामी झाली तो गुरुवार मला चांगला आठवतो. थंडी पडायला लागली होती. वहिनीने कुलूप काढलं, तळाची लोकरीची शाल घेतली, झटकली. ट्रंकेचा नुसता पत्रा दिसायला लागला. थोरला सभेला निघाला होता, त्याच्या हातात तिने ती शाल दिली.

“तशीही वाट तिकडूनच जाते तुमची. एवढी इस्त्री करून आणा.”

“लोकरीला इस्त्री चालते का गं?” थोरल्याने विचारलं.

“मला काय माहीत,” वहिनी म्हणाली. “तिला विचारा.”